वर्गात साप नको, कढीपत्त्यावरची अळी आणा

नागपंचमी जवळ आली, किंवा ऑक्टोबरातला वन्यजीव सप्ताह, की बऱ्याच शाळांत एकच बेत ठरतो. एखाद्या सर्पमित्राला बोलवायचं, त्याने पिशवीतून धामण काढायची, मग नाग, मुलांनी टाळ्या वाजवायच्या आणि एक-दोघा धीट मुलांनी शेपटीला हात लावायचा. हेतू चांगलाच असतो. सापाची भीती जावी, मोबाइलमधलं जंगल सोडून मुलांना काहीतरी खरं दिसावं, असं शिक्षकांना मनापासून वाटतं. पण जिवंत प्राणी वर्गात आणायचा तर तीन प्रश्न आधी सुटायला हवेत. कोणता प्राणी आणायचा, किती दिवस ठेवायचा, आणि नंतर त्याचं काय करायचं? सापाच्या बाबतीत तिन्ही उत्तरं वाईट आहेत. कढीपत्त्याच्या किंवा लिंबाच्या झाडावरच्या साध्या अळीच्या बाबतीत तिन्ही चांगली आहेत. म्हणून सापाचं थोडक्यात सांगून बाकीचा लेख अळीसाठी ठेवला आहे.

आधी कायद्याचं. वन्यजीव संरक्षण अधिनियम १९७२ नुसार अनुसूचीतल्या, म्हणजे कायद्याला जोडलेल्या संरक्षित प्राण्यांच्या यादीतल्या, प्राण्याला नुसतं पकडणं हीसुद्धा शिकारच ठरते. २०२२ साली या कायद्यात मोठी दुरुस्ती झाली, ती १ एप्रिल २०२३ पासून लागू आहे आणि तिने अनुसूचींची सगळी मांडणी बदलली. नाग, घोणस, धामण हे आता पहिल्या अनुसूचीत आहेत, म्हणजे वाघाच्या पंक्तीत. त्यांच्याबाबतच्या गुन्ह्याला ३ ते ७ वर्षं कैद आणि किमान २५,००० रुपये दंड आहे. स्टार कासवही पहिल्या अनुसूचीत आलं. पिंजऱ्यातला पोपट हा तर सगळ्यांना घरचाच वाटतो, पण आपला हिरवा राघूही संरक्षित आहे आणि त्याला पाळणं बेकायदा आहे. शाळेच्या व्हरांड्यात टांगलेल्या पिंजऱ्यालाही हे लागू होतं.

‘पण आम्ही शिक्षणासाठी आणतो’ हा युक्तिवाद नेहमी होतो. कायद्याच्या कलम १२ मध्ये शिक्षणासाठी परवानगीची सोय आहे, हे खरं. पण ती मुख्य वन्यजीव रक्षकांकडून घ्यायची असते आणि पहिल्या अनुसूचीतल्या प्राण्यांसाठी केंद्र सरकारची आधी मंजुरी लागते. सांगली जिल्ह्यातल्या बत्तीस शिराळ्याला २०२५ च्या नागपंचमीसाठी याच मार्गाने २१ नागांपुरती आणि मोजक्या दिवसांपुरती परवानगी मिळाली. तीही थेट केंद्रीय मंत्रालयातून. मुख्याध्यापकांच्या तोंडी होकाराने हे काम होत नाही. सर्पमित्राकडचं ओळखपत्रही वस्तीत शिरलेला साप वाचवून परत सोडण्यासाठी असतं, खेळ दाखवण्यासाठी नव्हे.

कायदा क्षणभर बाजूला ठेवला तरी सापाचे हाल उरतातच. साप स्वतःच्या शरीराचं तापमान राखू शकत नाही. ऊन लागलं की सावलीत आणि गार वाटलं की उन्हात सरकणं, एवढाच त्याच्याकडे उपाय. पिशवीत किंवा बरणीत तोही संपतो. नुकतंच भक्ष्य गिळलेला साप हाताळला तर तो ते ओकून टाकतो. म्हणजे मोठ्या कष्टाने मिळालेलं जेवण गेलं. ‘याचे दात काढलेत, काही होत नाही’ हे वाक्य तर अजिबात खपवून घेऊ नये. विषारी सापाचे दात पुन्हा येतात आणि विषग्रंथी जागच्या जागी असते. दात काढताना झालेल्या जखमा पिकून साप मरतो, ते वेगळंच. मुलं यातून काय शिकतात, तेही पाहा. सापाला शेपटीने उचलता येतं, हे त्यांना पक्कं कळतं. पुढच्याच पावसाळ्यात शेताच्या बांधावर एखादं पोर तेच करून बघतं.

सापांचा पाठ सापाशिवाय फार चांगला होतो. नायलॉनच्या दोरीचे तुकडे कापा. फुरशासाठी ४० सेंटिमीटर, मण्यारीसाठी १ मीटर, नागासाठी सव्वा मीटर, धामणीसाठी २ मीटर. ते मैदानावर टाका आणि कोणता तुकडा कोणाचा ते मुलांना ओळखू द्या. सर्वांत आखूड दोरी विषारी सापाची आणि सर्वांत लांब बिनविषारी धामणीची, हे कळल्यावर वर्गात जी शांतता पसरते ती कोणत्याही खेळाने येत नाही. शाळेत खरंच साप निघाला तर मुलांना लांब करून त्याच्यावर लांबूनच नजर ठेवायची आणि वनखात्याच्या १९२६ या क्रमांकावर फोन करायचा. कोणाला चावला तर १०८. हे दोन आकडे फळ्याच्या कोपऱ्यात कायमचे लिहून ठेवावेत.

दुकानात मिळणारी लाल कानाची छोटी कासवं हा दुसरा मोह. ती मूळ अमेरिकेतली. काही वर्षांत ताटाएवढी होतात, मग कोणीतरी नेऊन तळ्यात सोडतं आणि ती तिथल्या कासवांचं अन्न आणि जागा बळकावतात. शिवाय अशा कासवांच्या अंगावर साल्मोनेला जंतू असतात. लहान मुलांना त्यांपासून आजार होतात म्हणून अमेरिकेनेच १९७५ मध्ये ४ इंचांपेक्षा छोट्या कासवांच्या विक्रीवर बंदी घातली. ती वर्गात नकोत. बेडकाची पिल्लंही बादलीत आणू नका, मुलांना घेऊन डबक्यापाशी जा.

आता अळी.

लिंबू फुलपाखराची मादी लिंबू, मोसंबी, कढीपत्ता, बेल अशा झाडांच्या कोवळ्या पालवीवर एकेक अंडं घालते. कॉमन मॉर्मन नावाचं फुलपाखरूही याच झाडांवर येतं आणि त्याच्या लहान अळ्या इतक्या सारख्या दिसतात की शेवटच्या टप्प्यापर्यंत फरक कळला नाही तरी चालतं, दोघींची निगा सारखीच आहे. दुसरा चांगला पर्याय म्हणजे रुईवर वाढणारं बिबळ्या कडवा हे फुलपाखरू. त्याची काळ्या, पिवळ्या, पांढऱ्या पट्ट्यांची आणि पाठीवर काळ्या शिंगांच्या तीन जोड्या असलेली अळी मुलांना फार आवडते. पण रुईचा चीक डोळ्यात गेला तर बुबुळाला इजा होते. सुरुवातीला फारसं दुखत नाही, नुसतं धूसर दिसायला लागतं, त्यामुळे कोणाच्या लक्षातही येत नाही. रुईची पानं मोठ्यांनीच हातमोजे घालून तोडायची. सातवीच्या खालच्या वर्गात मी तर कढीपत्ताच सुचवीन. त्याला लिंबासारखे काटेही नाहीत.

इथेही कायद्याचा एक धागा आहे. काही फुलपाखरंसुद्धा अनुसूचीत आहेत. डॅनेड एगफ्लाय या फुलपाखराची मादी हुबेहूब बिबळ्या कडव्यासारखी दिसते, आणि ती संरक्षित आहे. तिच्या अळ्या घोळीच्या भाजीवर वाढतात. म्हणून उडणारं फुलपाखरू धरून आणायचं नाही, झाड बघून अंडं किंवा अळी आणायची. जे झाड ओळखता येत नाही त्यावरची अळी तिथेच राहू द्यायची. केसाळ सुरवंट तर कधीच नकोत. शेवग्यावर गर्दीने बसणाऱ्या सुरवंटांचे केस लागून अंगावर गांध्या येतात.

वेळ फार महत्त्वाची. आपल्याकडे जूनच्या मध्यावर शाळा उघडतात, विदर्भात थोड्या उशिरा. पहिल्या पावसाने कढीपत्त्याला पालवी फुटते आणि जुलैच्या सुरुवातीला अंडी सापडू लागतात. अंड्यातून अळी यायला ३-४ दिवस, अळी दोन-अडीच आठवडे, कोश ८ ते ११ दिवस. म्हणजे साधारण महिनाभर. जुलैच्या पहिल्या-दुसऱ्या आठवड्यात सुरुवात केली तर ऑगस्टच्या मध्यावर फुलपाखरं उडालेली असतात आणि गणपतीची सुट्टी आड येत नाही. दिवाळीच्या तोंडावर सुरू केलं तर सुट्टीत अळ्या उपाशी मरतात. थंडीत कोशही जास्त दिवस लांबतो आणि मुलांचा धीर सुटतो.

अंडं मोहरीहून लहान, फिकट पिवळं, गोल. पालवीच्या टोकाला किंवा पानाच्या कडेला एकटंच असतं. ते खरवडायचं नाही, पान किंवा डहाळी कापून आणायची. वर्गासाठी ५-६ अंडी किंवा लहान अळ्या पुरेत. पंचवीस आणल्या तर दुसऱ्या आठवड्यात पानं पुरवता पुरवता नाकीनऊ येतात.

भांडं म्हणजे दीड-दोन लिटरची रुंद तोंडाची पारदर्शक बरणी. तोंडाला मलमलीचा तुकडा, वरून रबर बँड. झाकणाला भोकं पाडून भागत नाही. आत दमटपणा साचतो, काचेवर पाणी धरतं आणि दोन दिवसांत बुरशी येते. तळाला वर्तमानपत्राचा कागद. डहाळी ताजी राहावी म्हणून ती इंजेक्शनच्या रिकाम्या, स्वच्छ बाटलीत पाणी घालून उभी करायची, पण बाटलीच्या तोंडाला कापूस घट्ट बसवायचा. हे राहिलं की अळ्या देठावरून खाली उतरून पाण्यात बुडतात. वर्गातल्या अळ्या मरण्याचं हे सर्वांत नेहमीचं कारण आहे. एका बरणीत लहान अळ्या ४-५ चालतात, मोठ्या झाल्यावर दोनच.

रोज सकाळी १० मिनिटांचं काम असतं. कागद बदलायचा, लेंड्या काढायच्या, नवी डहाळी ठेवायची. अळीला चिमटीत धरायचं नाही. ती ज्या पानावर आहे ते पान कात्रीने कापून नव्या डहाळीवर टेकवायचं, ती आपोआप चढते. पावसाने भिजलेली पानं फडक्याने कोरडी करायची, ओल्या पानांनी अळ्यांना हगवण लागते. लहान अळीला कोवळी पानं, मोठीला जून चालतात. शनिवारी दुपारी जाताना दोन डहाळ्या जास्त ठेवल्या की सोमवारपर्यंत निभावतं, पण शेवटच्या टप्प्यातल्या अळीला ते पुरत नाही. त्या आठवड्यात कोणीतरी बरणी घरी न्यायलाच हवी.

बाजारातला कढीपत्ता वापरू नये. त्यावर फवारलेलं औषध धुऊन पूर्ण जात नाही. अळी हिरवं पाणी ओकते, अंग पिळते आणि काही तासांत मरते. ओळखीच्या घरची, फवारणी नसलेली पानंच घ्या आणि तरी नव्या झाडाची पानं आधी एकाच अळीला एक दिवस देऊन बघा. कडुनिंबाचं औषध ‘नैसर्गिक’ म्हणून मारलेलं असेल तेही नको, त्याने कात टाकायची क्रियाच बिघडते. वर्गात डासांची कॉइल, प्लगमधलं द्रव, मुंग्यांचा खडू यांतलं काही चालत नाही. डासांचं मलम लावलेल्या हातांनी पानं देऊ नयेत. पावसाळ्यात महापालिकेची किंवा ग्रामपंचायतीची धूरफवारणी येते, त्या दिवशी बरण्या तिथून लांब न्याव्या लागतात. मुंग्या रोखायला साधा उपाय आहे. ताटलीत पाणी, पाण्यात पालथी वाटी, वाटीवर बरणी. आणि बरणी खिडकीच्या उन्हात ठेवायची नाही, काचेआड अर्ध्या तासात अळ्या शिजतात.

अळीचं रूप बघण्यासारखं असतं. दर वेळी कात टाकली की तिचा नवा टप्पा सुरू होतो. पहिले चार टप्पे ती तपकिरी-काळी आणि मध्ये पांढरा डाग अशी असते, पानावर पडलेल्या पक्ष्याच्या विष्ठेसारखी. पक्षी तिच्याकडे ढुंकून पाहत नाहीत. पाचव्या टप्प्यात ती हिरवीगार होते आणि ४ सेंटिमीटरपर्यंत वाढते. तिला धक्का लागला की डोक्यामागून दुभागलेलं तांबूस-केशरी शिंग बाहेर येतं आणि उग्र वास सुटतो. मुलांना ते पुन्हा पुन्हा बघायचं असतं, म्हणून काडीने डिवचत राहतात. हे थांबवायलाच हवं, कारण दर वेळी अळीची ताकद खर्च होते. एकदा सगळ्यांनी मिळून बघायचं, झालं.

मधूनच एखादी अळी दिवसभर हलत नाही, खात नाही. मुलं म्हणतात मेली. ती कात टाकायच्या तयारीत असते, पानावर रेशमाची बारीक गादी विणून तिला पाय रोवून बसलेली. या वेळी तिला ओढून काढलं तर कात अर्धवट अडकते आणि ती खरंच मरते. कात टाकल्यावर डोक्याचं जुनं कवच वेगळं गळून पडतं. कागदावर ते सापडतं, पांढऱ्या कागदावर चिकटवून खाली तारीख लिहायची. एकाच अळीची चार कवचं लहान ते मोठी अशी ओळीने लागली की वाढ टप्प्याटप्प्याने होते हे वेगळं सांगावं लागत नाही.

याहून चांगला उद्योग आलेख कागदाचा. एका वेळी एकच पान द्यायचं. देण्याआधी ते आलेख कागदावर ठेवून पेन्सिलीने बाहेरची रेषा काढायची आणि आतले चौरस मोजायचे. दुसऱ्या दिवशी उरलेल्या पानाची रेषा त्याच आकृतीत काढायची. मधली जागा म्हणजे अळीने खाल्लेलं पान. कढीपत्त्याची पर्णिका लहान असते, म्हणून यासाठी लिंबाचं पान सोपं पडतं. पहिले आठ-दहा दिवस आकडे इतके लहान येतात की मुलं कंटाळतात. मग पाचवा टप्पा येतो आणि एका दिवसात आख्खं पान, मग दोन, मग तीन. आयुष्यभरात जेवढं खायचं त्यातलं बहुतेक अळी या शेवटच्या काही दिवसांत खाते. मुलांनी स्वतः काढलेल्या आलेखावर ती रेषा एकदम वर चढते. पाचवीच्या मुलांना क्षेत्रफळ शिकवायला मला याहून सरस साधन माहीत नाही.

कोशाआधी अळी पातळ विष्ठा टाकते आणि बरणीभर सैरावैरा फिरते. मलमल नीट बांधलेली नसेल तर याच रात्री ती निसटून बाकाखाली कोश करते. आत खडबडीत, उभी काडी हवी. लिंबू फुलपाखराची अळी काडीला शेपटी चिकटवते आणि कमरेभोवती रेशमाचा एक पट्टा घेऊन तिरकी टेकते. बिबळ्या कडव्याचा कोश मात्र शेपटीने उलटा लटकतो, हिरवा किंवा गुलाबी, सोनेरी ठिपक्यांचा. लिंबू फुलपाखराचा कोश पडला तर कागदाचा छोटा शंकू करून त्यात डोकं वर ठेवून भिंतीला चिकटवायचा. लटकणारा पडला तर शेपटीच्या टोकाला दोरा गोंदाने चिकटवून पुन्हा टांगायचा.

सगळ्याच कोशांतून फुलपाखरू येत नाही, आणि हे मुलांपासून लपवू नये. कधी कोश काळपट पडतो, त्याला टाचणीने पाडावं तसं भोक दिसतं आणि बरणीत इवल्याशा गांधीलमाश्या फिरू लागतात. एखाद्या मादीने कोश मऊ असतानाच त्यात अंडी घातलेली असतात. ‘मॅडम, याने आपलं फुलपाखरू खाल्लं’ असं म्हणत एखादं मूल रडतंही. त्याला सांगावं की झाडावर घातलेल्या बहुतेक अंड्यांचं असंच काहीतरी होतं, आणि तसं झालं नसतं तर लिंबाच्या झाडाला एक पान उरलं नसतं. अळी काळी पडून लिबलिबीत झाली तर मात्र तो रोग असतो. ती बरणी लगेच वेगळी करायची आणि दुसऱ्या अळ्यांना हात लावण्याआधी हात साबणाने धुवायचे.

बाहेर यायच्या आदल्या दिवशी कोश गडद होतो आणि आतल्या पंखांची नक्षी दिसू लागते. फुलपाखरू बहुधा सकाळी येतं. पंख चुरगळलेले असतात, ते खाली लोंबवून त्यांत द्रव भरायला त्याला अर्धा तास लागतो. काडीखाली १० सेंटिमीटर मोकळी जागा नसेल तर पंख तळाला टेकून वाकडेच वाळतात आणि ते कधीच उडत नाही. या वेळी तांबूस थेंब पडतात, ते रक्त नसतं, कोशातला साठलेला मळ असतो. हे आदल्या दिवशीच सांगून ठेवावं. पंख कडक व्हायला आणखी दोन तास द्या आणि मग जिथून अंडं आणलं त्याच झाडाजवळ त्याच दिवशी सोडा. जवळ घाणेरी, सदाफुली किंवा एकदांडी फुललेली असेल तर उत्तम. पाऊस पडत असेल तर उघाड होईपर्यंत बरणीतच काडीवर राहू द्या, एक रात्र ते उपाशी राहू शकतं. बोटावर घेऊन फोटो काढायचा मोह आवरा, पंखावरची खवलं हाताला लागतात ती परत येत नाहीत.

ज्या शाळेजवळ एकही कढीपत्ता किंवा रुई नाही तिथे रेशीमकिडे चालतात. मराठवाड्यात तुती लावणारे शेतकरी आता बरेच आहेत, त्यांच्याकडून मूठभर अळ्या सहज मिळतात. तो पाळीव कीटक आहे, त्याचा पतंग उडत नाही, बाहेर जगत नाही. म्हणून वन्यजीवाचा पाठ त्याने पुरा होत नाही, पण कात आणि कोश दोन्ही नीट दिसतात.

शेवटचं फुलपाखरू गेलं की बरण्या साबणाने धुवा, मग नऊ भाग पाण्यात एक भाग ब्लीच घालून तासभर बुडवून ठेवा आणि उन्हात कडक वाळवा. काड्या, मलमल, कापूस टाकून द्या, रोगाचे जंतू त्यांतच राहतात. पुढच्या वर्षासाठी आत्ताच शाळेच्या आवारात कढीपत्त्याची दोन-तीन रोपं १२ इंची कुंड्यांत लावा आणि त्यांवर ‘फवारणी करू नये’ अशी पाटी लावून शिपाईकाकांनाही सांगून ठेवा.